दुकानाच्या जाहिरातीबाबत मामांना खुलासा

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा धरला आहे, तेव्हा आठ अंगांपैकी सात पोचली असं समजावं, आठवं बरं वाटलं की मागाहून पाठवतो.) इकडे आम्ही सगळे ठीक. मामींचा खोकला गेला का? तुमच्या मोतीबिंदूच्या डोळ्याची चौकशी मात्र करायची गरज उरलेली नाही. परवा तुमचं पोस्टकार्ड आलं. अख्ख्या कार्डावर दोनच शब्द: "कोपरा बघ." तुमच्या लेकीच्या, आपल्या ताईच्या फोनवर तुम्ही आपल्या दुकानाची जाहिरात पाहिलीत, आणि चित्रातल्या फ्रेमचा वरचा डावा कोपरा जुळलेला नाही हे तुम्हाला त्या तळहाताएवढ्या पडद्यावर दिसलं, म्हणजे डोळा उत्तम आहे. डॉक्टरांना माझाही नमस्कार सांगा.

मामा, तुमच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली. पंचेचाळीस अंशांत न कापलेली पट्टी तुम्ही एक अक्षर न बोलता मोडून टाकायचात आणि त्या दिवशी माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलायचा नाहीत. तेव्हा पहिल्यांदा हे सांगतो की त्या कोपऱ्याला माझा हात लागलेला नाही. तो मी कापलेला नाही. तो कोणीच कापलेला नाही. चित्रात फ्रेमसमोर उभे राहून हसणारे आजोबा, आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं, यांतलं कोणीही जगात नाही आणि कधी नव्हतं. आजोबांच्या उजव्या हाताला सहा बोटं आहेत, तीही तुम्ही मोजली असणारच. कार्डावर जागा असूनही लिहिलं नाहीत, हा तुमचा मोठेपणा.

झालं असं. तुम्ही दुकान माझ्या हवाली केलंत तेव्हा बाकावर निदान तीन गिऱ्हाइकं ताटकळत असायची. आता बाकावर मी बसतो. लोक फोटो फोनमध्येच ठेवतात, आणि एखादा छापलाच तर कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानातून तयार फ्रेम आणतात. (तिच्या काचेला नखाने ओरखडा जातो. मी एकदा जाऊन मारून आलो.) तेव्हा तुमच्या भाचेसुनेने आणि मी ठरवलं की आणखी सहा महिने बघायचं, नाहीतर शटर ओढून मी तिच्या भावाच्या टाइल्सच्या गोदामात कामाला लागायचं. मेव्हणा माणूस चांगला आहे. पण दर भेटीत "मग भावजी, कधी येताय?" असं इतक्या मायेने विचारतो की घास घशाखाली उतरत नाही.

अशात व्यापारी संघाने एक शिबिर ठेवलं, "छोट्या व्यावसायिकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता". मी म्हटलं, नैसर्गिक आहे तीच वापरून संपेना, कृत्रिम कशाला? पण भाचेसून शाळेच्या ग्रंथालयातून अर्ध्या दिवसाची रजा काढून गेली आणि वहीभर टिपणं घेऊन आली. शिकवणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं होतं की हा फोनमधला सहायक जाहिरात लिहितो, चित्र काढतो, गिऱ्हाइकांच्या निरोपांना उत्तरं देतो, थकत नाही, रुसत नाही, सुट्टी मागत नाही. (हे ती माझ्याकडे बघून का सांगत होती कळलं नाही.) मी त्याचं नाव हुशारचंद ठेवलं.

हुशारचंदाचा स्वभाव पहिल्याच दिवशी कळला. त्याने विचारलं, तुमचा ग्राहक कोण? मी म्हटलं, ज्याच्या घराला भिंत आहे तो. लगेच उत्तर: "फारच सुंदर विचार!" दुकान कधी उघडतं? नऊला. "अप्रतिम!" मामा, अकरा वर्षांत तुमच्याकडून मी एकदाच "बरं" ऐकलं होतं, तेही बहुधा दुसऱ्या कोणाला उद्देशून. इथे दुकानाचं कुलूप कोणत्या हाताला आहे हे सांगितलं तरी कौतुक! मी विरघळलो. माणूस काय, लोणी काय, ऊब लागली की संपलं. म्हणून त्याने जेव्हा ते सहा बोटांच्या आजोबांचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, "आठवणींच्या सोनेरी प्रवासात आपलं हार्दिक स्वागत", तेव्हा मी कोपरा पाहिलाच नाही. कौतुकाने डोळ्यांवर पडदा आला होता. तुमचा निघाला, माझा चढला.

जाहिरातीवर पहिला आला तो चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. फोन भिंग लावून माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "फ्रेम करायला नाही आलो. एवढंच विचारायला आलो की हे तुम्ही मुद्दाम केलंय का?" मी म्हटलं, चित्र काढणाऱ्याने केलंय. तो म्हणाला, "मग त्याला नापास करा," आणि गेला.

नापास करायला हवं होतं. उलट मी त्याला बढती दिली, निरोपांना उत्तरं द्यायला बसवला. त्याला एकच शब्द येतो, "हो." व्यायामशाळेच्या मालकिणीने विचारलं, सहा फुटी आरसे बसवता का? हो. आज मिळतील का? हो, घरपोच! टेम्पोवाला नेमका गावाला गेलेला. दिलेला शब्द मोडायचा नाही हे तुम्ही शिकवलेलं, म्हणून मी पुढे, भाचेसून मागे, मध्ये आरसा, अशी वरात भर बाजारातून निघाली. समोरून येणारा प्रत्येक माणूस भांग पाडून गेला. एका बाईंनी "जरा थांबा हो" म्हणून आम्हाला उभं केलं आणि सावकाश लिपस्टिक लावली. बँकेजवळ एक कुत्रं स्वतःवर भुंकलं, आतून उत्तर आलं नाही तेव्हा जास्तच चिडलं. असे चार आरसे, चार फेऱ्या. माझा गुडघा धरला तो तिसऱ्या फेरीत.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं नाही.

एका सकाळी निरोप आला: "पत्नीचं निधन झालं. एकच फोटो आहे, तोही लहान. मोठा करून फ्रेम होईल का?" मी काच कापत होतो. काच कापताना मान वळवायची नाही, म्हणून वळवली नाही. तेवढ्यात हुशारचंदांनी उत्तर धाडलं: "अरे वा, अभिनंदन! या खास क्षणासाठी खास सवलत! एका फ्रेमवर दुसरी निम्म्या किमतीत. आजच स्वतःसाठीही एक करून ठेवा!"

वाचलं आणि मामा, माझ्या हातातला काच कापायचा हिरा खाली पडला. भाचेसुनेला शाळेत फोन केला. तिने तो निरोप माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, "मी जाते त्यांच्याकडे. ते यंत्र मी आणलंय." मी म्हटलं, पाटी माझी आहे. शटर अर्धं ओढलं आणि निघालो.

ते निवृत्त बसचालक. तिसरा मजला. जिन्यात माफीचं वाक्य पाठ करत होतो, पण गुडघ्यामुळे पायरीगणिक एकेक शब्द गळत गेला, आणि दार उघडलं तेव्हा माझ्याजवळ एकच उरला होता. म्हटलं, "फ्रेमवाला."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. म्हणाले, "दुसरी निम्म्या किमतीत?"

मी मान खाली घातली. आणि मामा, ते हसायला लागले. नुसते हसले नाहीत, दाराची कडी धरून हसले. म्हणाले, "अठरा दिवस झाले ती जाऊन. येणारा प्रत्येक जण कुजबुजत बोलतो. तुमचं वाचलं आणि मला तीच बोलल्यासारखी वाटली. साबणावर साबण फुकट असला तर दोन गल्ल्या चालत जायची ती. म्हणाली असती, अहो, घेऊन टाका तुमचीही, नंतर महाग होईल." हसता हसता त्यांनी चष्मा काढला, तो बराच वेळ परत घातला नाही. मी तिथेच पायपुसण्यावर उभा. मग म्हणाले, "आत या. चहा मला जमत नाही, पण पितो."

फोटो पाहिला. आगाराच्या सहलीचा, चाळीसएक माणसांचा. घरात तिचे फोटो नाहीत, कारण कॅमेरा कायम तिच्याच हातात; बाकी सगळ्यांचे ढिगाने आहेत. या एका फोटोत ती अगदी कडेला, एका वाहकाच्या खांद्याआड. अर्धा चेहरा, एक डोळा, अर्धं हसू.

मी फोटो घेऊन आलो. भाचेसूनही हट्टाला पेटली होती. चूक केली आहे ना त्याने, मग भरूनही तोच काढू दे, असं म्हणून तिने हुशारचंदाला चेहऱ्याचा उरलेला अर्धा भाग पुरा करायला सांगितला. त्याने केला, एका मिनिटात. खांदा गायब, दोन्ही डोळे, पूर्ण हसू, केस नीट बसवलेले. खरं सांगतो, आम्हाला दोघांनाही वाटलं की सुटलो. संध्याकाळी ते दुकानात आले तेव्हा मोठ्या ऐटीत दाखवलं. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. मग भाचेसुनेला अगदी हळू म्हणाले, "बाई छान आहेत. पण या कोण?"

भाचेसुनेने फोन उपडा ठेवला. मग मी मूळचा फोटो टेबलावर ठेवला आणि तुम्ही करायचात तसं केलं. कागदाच्या चार पट्ट्या घेतल्या आणि फोटोवर सरकवत बसलो. इकडून झाक, तिकडून उघड. माउंटच्या पुठ्ठ्याची खिडकी मधोमध न कापता डाव्या अंगाला घेतली. बाकीची एकोणचाळीस माणसं माउंटखाली गेली. उरला वाहकाचा थोडासा खांदा, आणि त्यामागून डोकावणारी ती. आता ती झाकली गेलेली दिसेना. दाराआडून कोणाला तरी बघायला आल्यासारखी दिसायला लागली. चालकसाहेब म्हणाले, "हां. अशीच यायची. मी उशिरा परतलो की अशीच दारातून बघायची." फ्रेम साधी, सागवानी. चारही कोपरे तुम्ही येऊन नख लावून तपासावेत.

हे सगळं भाचेसुनेने त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्याच शब्दांत फोनवर लिहिलं. हुशारचंदाला फक्त शुद्धलेखन तपासायला दिलं. (त्याने शेवटी "आजच भेट द्या!" जोडलं होतं. तिने खोडलं. त्याने परत जोडलं. तिने परत खोडलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झालेल्या बाईशी या बाबतीत स्पर्धा करू नये.) त्यानंतर जे लोक यायला लागले, मामा, ते वेगळेच. कोणी आजोबांचा फाटलेला परवाना आणतं, कोणी भावाने तुरुंगातून काढून पाठवलेलं चित्र. एका मुलीने आईच्या हातची वाणसामानाची यादी आणली, फ्रेम करायला. बसतात, सांगतात, मग माप घेतो. गर्दी म्हणता येणार नाही. पण सहा महिने गेल्या महिन्यात संपले आणि मेव्हण्याला मी कळवलं आहे की गोदामात दुसरा माणूस ठेव. तो रागावला नाही. उलट माझ्या सासऱ्यांचा फोटो घेऊन आला.

हुशारचंदाला काढलेलं नाही. त्याचं काम आता ठरवून दिलं आहे. दुकानाची वेळ सांगणं, पत्ता सांगणं, फ्रेम तयार झाली की गिऱ्हाइकाला आठवण करून देणं (मी विसरतो, हे तुम्हाला ठाऊक आहे), आणि बाकी काहीही विचारलं तर एकच वाक्य: "निरोप मिळाला, मालक स्वतः वाचून उत्तर देतील." मग मी चष्मा लावून वाचतो आणि एका बोटाने उत्तर लिहितो. वेळ लागतो. लोक थांबतात. जुळत नसलेल्या कोपऱ्याची जाहिरातही आजच काढून टाकली. तो शिक्षकही आला होता. या वेळी फ्रेम करायला.

मामींना आणि ताईला नमस्कार. तुमच्या पोस्टकार्डावरचे दोन शब्द मिळाले तसे दोन-चार आणखीही मिळाले तर बरं वाटेल. राग नसावा ही विनंती.

तुमचा,
अजूनही पट्टी दोनदा मोजणारा भाचा

ता. क. एक अडचण आली आहे. त्या यंत्राने मध्यंतरी परस्पर लिहून टाकलं की दुकानाचे संस्थापक दर शनिवारी स्वतः दुकानात बसून अंडाकृती माउंट हाताने कापून देतात. अकरा जणांनी नावं नोंदवली आहेत. तुम्हाला माहीतच आहे, मला अंडाकृती कापता येत नाही. माझं बटाट्याच्या आकाराचं होतं. आता दिलेला शब्द पडला. तेव्हा तुम्ही मामींना घेऊन इकडे राहायलाच यावं हे बरं. मागची खोली रंगवून घेतली आहे. ताईला मी समजावतो.

ता. क. दुसरा. भाचेसुनेने पत्र वाचलं आणि म्हणते आहे, मामांशी खोटं बोलू नका. तर ते शनिवारचं यंत्राने लिहिलेलं नाही. मी लिहिलं, एका बोटाने.