बाबांसकट उचललेली जीप

ती. दाजी यांस,

साष्टांग नमस्कार. हा शब्द आजवर सवयीने लिहीत आलो, या खेपेस अनुभवाने लिहितोय, कारण गेला आठवडाभर माझी आठही अंगं जमिनीलाच टेकलेली होती. (मी उताणा असल्यामुळे नमस्कार तुमच्याऐवजी जीपच्या पोटाला पोहोचला असल्यास तो तिच्याकडून वळता करून घ्यावा.) तुमचा गुडघा आता कसा आहे? ताईची तब्येत विचारत नाही. परवा तिचा फोन आला होता, आवाजावरून ती ठणठणीत आहे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, फक्त माझ्या डाव्या अंगठ्याचं नख आता आमच्यात राहिलेलं नाही.

तुमच्या घरी जेवणं झाल्यावर जी बैठक भरली, ती तुम्ही विसरला नसालच. बाबांची जुनी जीप भंगारात द्यावी असा ताईचा ठराव होता आणि तिची कारणंही खोटी नव्हती. ब्रेक दाबला की खालून 'धप्प' आवाज येतो, ड्रायव्हरकडचं दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही आणि खड्ड्यात गाडी एकदा उडते, बॉडी दोनदा. भूमापन खात्याच्या त्याच जीपमधून बाबांनी जन्मभर जमिनी मोजल्या. खात्याने ती मोडीत काढली तेव्हा हट्टाने विकत घेतली. दोन वर्षांपूर्वी नजर अधू झाली, मधलं धूसर आणि कडेचं तेवढं दिसू लागलं, तेव्हापासून गाडी चालवणं बंद. तरी रोज सकाळी चहा झाला की जाऊन तिच्यात बसतात. त्या दिवशी ते नुसते हातरुमालाची घडी घालत आणि मोडत राहिले. ते बघून, बरणीचं झाकण बायकोकडून उघडून घेणारा मी, उभा राहिलो आणि म्हणालो, "मी दुरुस्त करतो." ताई हसली. तुम्ही खोकलात. दोन्ही मी लक्षात ठेवलंय.

आता दुखणं काय ते सांगतो. (शाळेत व्याकरण शिकवतो, त्यामुळे समोरच्याला समजलं तरी समजावत राहायची खोड आहे.) जीपची बॉडी चॅसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, थेट बसलेली नसते. दोघींच्या मध्ये ठिकठिकाणी जाड रबराच्या चकत्या असतात आणि त्यांच्यातून बोल्ट जातो. रबर कुजलं की लोखंडावर लोखंड आपटतं. हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे हिरड्या गेल्यात." ती दातांची डॉक्टर, तिला सगळं जग तोंडासारखं दिसतं. दुसऱ्या दिवशी घरातल्याच दवाखान्यातला छोटा आरसा आणि आकडा घेऊन ती माझ्या शेजारी जीपखाली आडवी झाली. (आम्ही दोघं शेजारी पडून एकाच गोष्टीकडे बघतोय, असा प्रसंग बऱ्याच वर्षांनी आला.) "हे हलतंय. हे पूर्ण किडलंय. हे काढावंच लागेल," असं ती सांगत गेली आणि शेवटी माझ्याकडे, इंजेक्शनच्या आधी पेशंटकडे बघते तशी, बघून निघून गेली.

मग मी बोल्टांच्या मागे लागलो. पहिला बोल्ट तुटला. या वाक्यात कर्ता बोल्ट आहे, मी नाही, हे कृपया ध्यानात घ्यावं. दुसरा फिरू लागला तेव्हा मला फार आनंद झाला. अर्ध्या तासाने लक्षात आलं की वरच्या बंद पत्र्यातला नटही त्याच्याबरोबर फिरतोय आणि दोघं मिळून मला फिरवतायत. नट धरायचा तर वरून पत्रा कापणं आलं. मी खाली झोपून जागा मोजली, वर जाऊन खुणा केल्या आणि चौकोन असा सुबक कापला की फ्रेम करून लावावा. फक्त तो दुसऱ्या बाजूला कापला गेला. उताण्या माणसाचं डावं-उजवं उलटं होतं, हे कुठल्याच व्याकरणात दिलेलं नाही. बायको डोकावून म्हणाली, "रूट कॅनाल छान झालंय. दात शेजारचा होता."

पण खरा प्रकार शनिवारचा. एका बाजूचे बोल्ट सगळे सुटले होते. लाकडाचा ठोकळा ठेवून मी जॅकने बॉडी हळूहळू वर घेतली. ती चार बोटं वर येते न येते तोच हॉर्न वाजायला लागला. थांबून थांबून, पण अगदी चिडून. वायर ताणली गेली असणार असं ठरवून मी मोठ्या हुशारीने बॅटरीची जोडणी काढली. हॉर्न बंद. पुन्हा खाली शिरलो तर वरून ठक ठक. हाच तो आवाज, सापडला एकदाचा! मीही हातोडीने दोनदा ठोकलं. वरून तीनदा उत्तर आलं. बोल्ट मोजता येत असल्यासारखं वागत नाहीत, हे तोवर मला कळलं होतं, म्हणून बाहेर येऊन पाहिलं. आत बाबा बसले होते.

"तुम्ही कधी आलात?"

"तू बोल्टाला शिव्या देत होतास तेव्हा."

"अहो, मग हाक मारायची!"

"हॉर्न दिला की. तू तोही तोडलास."

दार ओढलं. बॉडीला पीळ पडल्यामुळे ते गच्च बसलं होतं. त्यात ठोकळा करकरला आणि जरासा सरकला. दाजी, आता विनोद सोडून सांगतो. मी दोन्ही हातांनी बॉडी धरली, जणू मी सोडली असती तरच ती पडणार होती, आणि बायकोला अशी हाक मारली की ती पेशंटला तोंड तसंच उघडं ठेवायला सांगून, हातमोज्यांसकट धावत आली. तिने तिच्या गाडीतला जॅक आणून दुसऱ्या टोकाला लावला. ठोकळा नीट बसला.

"बाबा, हलू नका. सावकाश खाली घेतो."

"मी कुठे हलतोय? आणि खाली घेऊ नकोस," बाबा म्हणाले. "आता गाडी सरळ आहे. घाल तुझी रबरं. मी बसतो."

आणि ते खरोखर बसले. मी खालून चकत्या सरकवत होतो आणि ते वरून हुकूम सोडत होते. "मागे उतार आहे. अजून थोडं. बास! म्हटलं ना बास!" निम्मे हुकूम चुकीचे होते, त्यापायी एक चकती मी तीनदा काढली. पण नजर गेल्यापासून बाबा घरात "जमलं तर बघ हं" अशाच आवाजात बोलायचे. तो जुना करडा आवाज डोक्यावरून ऐकताना मी मुकाट्याने चौथ्यांदाही काढली असती.

दुपारी दार उघडलं आणि लागलं. नुसतं 'टक'. बाबांनी ते इतक्या वेळा लावून पाहिलं की बिजागरीची काळजी वाटू लागली. ब्रेकचा धप्प आवाज गेला. (त्याच्या आड लपलेले बाकीचे आवाज आता स्वच्छ ऐकू येतात.) तेव्हा भंगारवाल्याला नाही म्हणून कळवावं आणि ताईला हे पत्र, पत्रा कापल्याचा भाग वगळून, वाचून दाखवावं.

तुमचा लाडका (असा माझा समज आहे) मेहुणा

ता.क. वर जिथे जिथे 'मी' आलंय तिथे 'मी आणि वेल्डर' असं वाचावं. पत्रा कापलाय त्या भागात फक्त 'मी'.

ता.क. २. मुख्य मुद्दा राहिलाच. येत्या रविवारी तुम्ही ताईला घेऊन इकडे या आणि ताई व माझी बायको या दोघींना सकाळभर लांब कुठेतरी घेऊन जा. कुठेही, पण लांब. बाबांना गाडी चालवायची आहे. शाळेचं मैदान रविवारी मोकळं असतं, चाव्या माझ्याकडे आहेत, गाडी पहिल्या गिअरवर राहील आणि हँडब्रेकवर माझा हात. मी नाही म्हणणार होतो. पण त्यांनी "जमलं तर बघ हं" असं म्हटलं. दोघींना अक्षरही कळता कामा नये.

ता.क. ३. भाऊजी, नमस्कार. पाकीट चिकटवून पोस्टात टाकायचं काम ह्यांनी माझ्याकडेच दिलं. आम्हाला कुठेही नेऊ नका. ताईंशी मी बोलले. त्या आधी ओरडल्या आणि मग त्यांनी विचारलं की मागच्या सीटवर दोघी मावतील का. मावतील, असं मी सांगितलंय. ह्यांना कळवू नका.