हिरव्या डब्यातली काडी

मंगळवार, धार

आमच्या हॉटेलच्या हिरव्या डब्यातलं उष्टं न्यायला येणारी तिरला गावची गंगाबाई आज बादलीशिवाय आली. घरी गोग्रास काढतो, तसं हॉटेलातलंही गाईच्या मुखी लागावं, ही माझीच हौस. म्हणाली, "दीदी, गाय दो दिन से चारा नी खा री. जीभ में ये घुसी थी." तळहातावर सँडविचला टोचायची काडी.

प्लास्टिकच्या बंद करून लाकडी काड्या मीच आणल्या. "लाकूड कुजतं, हिरव्या डब्यात टाका," हेही मीच आचाऱ्याला बजावलं. खताचा विचार केला, गाईच्या जिभेचा कसा नाही केला?

माफी मागितली, तर म्हणते, "आप तो पुन्न कर रे थे." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

काडी अजून टेबलावरच आहे. कुठल्या डब्यात टाकू?