सरकलेला बोया

प्रिय दादा,

सात वर्षांनी लिहितेय, तेव्हा आधी मनसोक्त शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. संग्रहालयात सध्या मी समुद्रातल्या वाटखुणांचं दालन उभारतेय. बटण दाबलं की दीपगृह आपल्या ठरलेल्या लयीत लुकलुकतं. खोलीभर लांब हौद आहे, त्यात मुलांनी चाक फिरवत, पाण्यावर तरंगत वाट दाखवणाऱ्या लाल-हिरव्या बोयांमधून बोट बंदरात आणायची. बाबा रोज येऊन बसतात. जन्मभर खाडीतले बोये सांभाळले, आता माझ्या कामात नाक खुपसल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. हिरवा रंग मला दोनदा खरवडायला लावला!

परवा शाळेतली मुलं चाचणीला आली. एका मुलीची बोट बोयांच्या अगदी मधून जाऊनही वाळूत रुतली. मी फटकन बोलले, नीट बघून चालव ना. बाबा स्टुलावरून उठले. म्हणाले, तिला बोलू नकोस, ती बरोबरच चालली होती, बोया सरकलाय. खरंच, बोयाला तळाशी धरून ठेवणारं वजन मीच हलकं लावलं होतं. पोरगी खुदकन हसली. बाबांनी मात्र हौदात हात घालून तो बोया स्वतः जागेवर आणून ठेवला.

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं. सात वर्षांपूर्वी खाडीत तुझी लाँच रुतली त्या आठवड्यात ते बोये तपासायला गेलेच नव्हते. माझं लग्न तोंडावर आलेलं, घर पाहुण्यांनी भरलेलं. घरी बसूनच त्यांनी तपासणीच्या वहीत लिहिलं, 'सर्व जागेवर'. चौकशीत तीच वही पुढे आली आणि तुझा लाँच चालवायचा परवाना गेला. तू घसा फोडून सांगत होतास की मी दोन बोयांच्या मधूनच आलो. आणि मी तुला म्हटलं होतं, निदान चूक तरी कबूल कर. त्या बोलण्याबद्दल, दादा, मला माफ कर. बाबांचा भयंकर राग येतो आणि त्यांच्याकडे बघवतही नाही.

काल ते एकटेच बंदराच्या कार्यालयात जाऊन सगळं लेखी देऊन आले. प्रत सोबत ठेवलीय. परवान्याचं काय होईल ते तिथल्या साहेबांनी सांगितलं नाही. तुला लिहायला बाबा चार वेळा बसले. 'चिरंजीव' एवढं लिहितात आणि पेन खाली ठेवतात. शेवटी म्हणाले, तूच लिही, पण त्याला इकडे बोलावू नकोस, माफी मागायची तर मीच जायला हवं. बॅग भरून दाराशी ठेवलीय त्यांनी. एवढंच कळव, त्यांना गाडीत बसवू का?

तुझीच,
शेंडेफळ