लाल पट्ट्याचं लाकूड

सोलगोल,
५ डिसेंबर

चि. दालसू यास,
तुझ्या थोरल्या बहिणीचे, मालजा नूनाचे आशीर्वाद.

तू बरा असशील. बायकोचा गुडघा कसा आहे? इकडे थंडी वेळेवर आली. कोबी या वर्षी घट्ट भरला, मुळा मात्र पोकळ निघाला. माझी पाठ आहे तशीच आहे. किमची घालून झाली. चाळीस गड्डे एकटीने मिठात घातले, एकटीने धुतले, एकटीने मसाला चोळला. गेल्या वर्षी अंगणात अकरा बायका होत्या आणि तू होतास. या वर्षी कुणी फिरकलं नाही. का ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण फोनवर मी तोंड उघडलं की तुझा ट्रक बोगद्यात शिरतो.

परवा आपल्या मागचा डोंगर तोडून झाला. रोगट झाडं तर तोडलीच, पण नियमाप्रमाणे त्यांच्या भोवतालची धडधाकट पाईनसुद्धा. सगळे ओंडके रचून वर हिरव्या ताडपत्र्या घातल्यात, आत औषधाचा धूर कोंडलाय आणि प्रत्येक ढिगाला नंबर दिलाय. लांबून पाहिलं की थडगीच वाटतात. गावातून पाईनची काटकीही बाहेर न्यायला बंदी आहे. अळंबीचं तर नावच नको. पाईन नाही तर त्याच्या मुळाशी ती उगवणार कुठून? गावातली नऊ घरं त्या अळंबीवर वर्ष काढत होती. त्या नऊ घरांतल्या बायका आता मला पाहून रस्ता बदलतात.

गेल्या वर्षी नेमक्या किमचीच्या दिवशी तुझा निळा ट्रक फाटकाशी लागला. आबांना माती देऊन गेलास, तो नऊ वर्षांनी उगवलास. फरशी तापवणाऱ्या बॉयलरसाठी ट्रकभर पाईनची लाकडं, सगळी एका मापाची. "नूना, या थंडीत तुझी फरशी गार पडली तर मला विचार," म्हणालास. शेजारच्या पिलनेने कोबीच्या पानात मांस गुंडाळून तुझ्या तोंडात कोंबलं आणि म्हणाली, "बहिणीची आठवण यायला नऊ वर्षं लागली होय रे मेल्या? का पोहांगहून वाटच सापडत नव्हती?" सगळ्या हसल्या. मीही हसले, इतकी की डोळे पुसायला गेले आणि हाताचं तिखट डोळ्यांत गेलं.

लाकूड आणायचा परवाना आहे ना, असं मी विचारलं होतं. तू खिशावर थाप मारलीस. "आहे गं! तू काय वनखात्यात लागलीस का?" त्या खिशात सिगारेटचं पाकीट होतं. मला दिसलं होतं.

जानेवारीत ढिगाच्या मधल्या थरात तो ओंडका हाती लागला. बुडाशी लाल रंगाचा पट्टा आणि पांढरा आकडा, ४१७. तुमची तोडणीची टोळी रोगट झाडावर अशीच खूण करते ना? मग त्याचा भुगा करायचा, नाहीतर जागीच ताडपत्रीखाली कोंडायचं, हा कायदा आहे. बॉयलरमध्ये लाकूड घालणाऱ्या बाईला हे कळतं आणि त्याच टोळीत करवत चालवणाऱ्या तुला कळत नव्हतं? मी तुला फोन केला, तर म्हणालास, "थंडीत मरतात गं ते किडे. तू उगाच बोभाटा करू नकोस. आणि कुणाला दाखवू नकोस."

मी कुणाला दाखवलं नाही.

तेव्हाच सगळं लाकूड जाळून टाकलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण मी बाजारातून आणलेलं ओक आधी घालायची. तुझं आणलेलं जपून ठेवायची. भाऊ नऊ वर्षांनी काहीतरी घेऊन आला होता, ते एका हिवाळ्यात संपवून टाकायचं माझ्या जिवावर यायचं. हसू नकोस.

मार्चमध्ये गावप्रमुख दारोदार फॉर्म घेऊन आले. "वहिनी, पाईनचं लाकूड आहे का घरात? असेल तर एप्रिलच्या आत जाळून टाका. मेमध्ये भुंगेरे बाहेर पडतात आणि त्यांच्या अंगाखांद्यावर बसून या रोगाचे कृमी सगळ्या डोंगरभर जातात." मी 'नाही'पुढे खूण केली. खाली ठसठशीत सही केली. ते वळल्यावर ढिगावर तिळाच्या वाळक्या काड्या पसरल्या. मेअखेरीस काड्या उचलून पाहिलं तर सालीला वाटाण्याएवढी गोल भोकं पडली होती, कुणी गिरमिटाने पाडल्यासारखी. तेव्हाही मी काड्या परत होत्या तशा ठेवल्या.

सप्टेंबरात सगळ्यांत आधी डोंगरावरचा तो वाकडा पाईन लाल पडला. मग त्याच्या खालचे तीन.

वनखात्यातल्या सोक बाई आल्या. तरुण आहेत, तुझ्या थोरलीएवढ्या. काड्या बाजूला सारून त्यांनीच ४१७ नंबर बाहेर काढला. माझ्यावर आवाज चढवला नाही. "आजी, हे कुणी आणून दिलं?"

मी म्हणाले, "फेरीवाला होता. नाव ठाऊक नाही."

"ट्रक कसला?"

"लक्षात नाही."

तीन वेळा विचारलं, तीन वेळा हेच सांगितलं. यात दंड आहे, वेळ पडली तर तुरुंगही आहे, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मी मनाशी म्हटलं, आपण चौसष्ट वर्षांची म्हातारी, आपलं काय जायचंय? तुझी पोरं अजून शिकतायत.

नंबरावरून त्या तुमच्या टोळीपर्यंत पोचल्याच. मंगळवारी परत आल्या, तेव्हा हातात तुझा जबाब होता. मला चष्मा सापडेना, म्हणून त्यांनीच वाचून दाखवला. "लाकूड माझ्या बहिणीने हट्टाने मागून घेतले. रोगट आहे, नेऊ नको, असे मी तिला बजावले होते. तिनेच ट्रक ठरवला." वाचून झाल्यावर बाई माझ्याकडे बघत बसल्या. मी त्यांना बार्लीचा चहा दिला.

दालसू, केसाने गळा कापलास रे. माझ्यावर ढकललंस याचंही मला तितकं वाटत नाही. मला विचारलं असतंस तर मी स्वतःहून अंगावर घेतलं असतं, घेतच होते. पण 'बजावले होते'? तू मला बजावलंस ते एवढंच, की कुणाला दाखवू नकोस.

उद्या सकाळच्या बसने मी त्यांच्या कचेरीत जाणार आहे. तुझं नाव सांगणार आहे. निळा ट्रक, तो दिवस, खिशातलं पाकीट आणि जानेवारीतला फोन, सगळं. माझा तो 'नाही' आणि तिळाच्या काड्याही सांगणार आहे. तुला आधी कळवावं म्हणून हे पत्र. आज टपालात टाकलं तरी ते तुला उद्यानंतरच मिळेल, हे मला माहीत आहे.

आता एक राहिलं. हे मी फोनवर कधीच सांगू शकले नसते.

त्या दिवशी लाकडं उतरवून झाल्यावर तू डोंगराकडे बघत विचारलंस, "नूना, आबांनी जाताना अळंबीची जागा तुलाही सांगितली नाही ना?" माझ्या तोंडात किमचीचा घास होता. मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांना पुरून आलो त्या दिवशीही तू हेच विचारलं होतंस आणि मी असंच म्हणाले होते. "बापाने मुलावर विश्वास ठेवला नाही," म्हणत तू निघून गेलास. जागा पोटच्या पोरालासुद्धा मरेपर्यंत सांगायची नाही, ही आपल्याकडची रीत. आणि सांगायची ती एकालाच. मी जन्मले तेव्हा आता मुली पुरे म्हणून आबांनी माझं नाव मालजा ठेवलं, म्हणजे शेवटची मुलगी. मग तू आलास, घरात ढोल वाजले. सगळं तुलाच मिळणार होतं. पण शेवटच्या दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "त्याला सांगू नकोस, तो विकून टाकेल." दहा वर्षं मी पहाटे एकटी जायची, दव झाडत, दरवेळी वेगळ्या वाटेने. घरी आले की तुझी आठवण यायची आणि तरी मी सांगितलं नाही. आधी मी तुला फसवलं. ते या कागदावर लिहून देते.

आता ऐक. गोठ्यामागच्या झऱ्याने वर चढायचं. दोन खडक एकमेकांना टेकलेत, तिथे उजवीकडे. वाकड्या पाईनला पाठ लावून उताराकडे तोंड करायचं आणि सतरा पावलं टाकायची. आबांची सतरा, माझी एकवीस. तिथे पाचोळा जरा फुगलेला दिसायचा.

वाकडा पाईन आता नाही. त्याच्या उरलेल्या खुंटाला पाठ टेकवायला खाली बसावं लागेल. समोर ढीग नंबर बारा आहे.

आबा म्हणाले होते, त्याला सांगू नकोस. आता तू खुशाल कुणालाही सांग.

तुझी थोरली बहीण,
जिला जागा ठाऊक होती,
मालजा