भविष्यकाळाची पानं

प्रिय कातेना,

मंगळवारी सकाळी चर्चमधल्या पहिल्या मिस्साहून परतलो आणि तुझ्या जर्मन येन्सचं, आपली भाषा शिकायचं पुस्तक कोंबड्यांच्या खुराड्यात लपवून ठेवलं. देवानं पाहिलंच आहे, तुलाही कळावं म्हणून सांगतो. आपली सिसिलियन भाषा, आणि तिचे पहिले धडे छापतात हांबुर्गमध्ये! शाळेत हीच भाषा तोंडातून निघाली की मास्तर पट्टी उगारायचे, "माणसासारखं इटालियन बोल" म्हणायचे. आज ती छापलेली समोर आली तर मला बोट ठेवून अक्षरं जुळवावी लागतात.

लग्नाला होकार देण्याआधी मी त्याला पारखावं म्हणून तू त्याला महिनाभर इथं धाडलंस. पारखणं राहिलं बाजूला, माझंच डोकं फिरायची वेळ आली. त्या पुस्तकात 'तू' पहिल्या धड्यात आहे आणि आदराचा 'वोसिया' नवव्यात. म्हणजे आठ धडे होईपर्यंत सासऱ्याला अरे-तुरे! तू जन्मात कधी मला वोसियाखेरीज बोलली नाहीस, आणि हा पहिल्याच दिवशी दारात उभा राहून म्हणतो, "कसा आहेस रे, गांदोल्फो?" चौकात नुच्चो न्हाव्याला आयतं सापडलं. "गांदोल्फोभाऊ, जावई आत्ताच अरे म्हणतोय, लग्नानंतर भांडी घासायला बसवतो हो!"

मग मीच त्याला उचलून नवव्या धड्यावर नेऊन बसवलं. तिथंच चुकलो. तेव्हापासून तो सगळ्या जगाला वोसिया म्हणतो. शेजारच्या तान्ह्या मुलीला वोसिया, बकरीला वोसिया. परवा वाटेत कोंबडा आडवा आला तर म्हणाला, "वोसिया, जरा बाजूला होता का?" फादर लिबोरियो हसता हसता पायरीवर बसले.

म्हणून मंगळवारी ठरवलं, एक दिवस तरी पुस्तकाविना जाऊ दे. त्याला मान्नाच्या झाडांकडे नेलं. मान्नाचा गोड चीक गळावा म्हणून खोडाला रोज एकच चीर, कालच्या चिरेच्या वर, फार खोल नाही. हात वाईट नाही त्याचा, घाई करत नाही. पण मधेच एका वाक्यावर अडला. डोकं खाजवलं, आठवेना, तसा सरळ घराकडे धावत सुटला. परतला तेव्हा पुस्तक हातात, त्यावर कोंबड्यांची घाण, आणि चेहरा लालबुंद. "वोसिया, भविष्यकाळाची पानं आपणच फाडलीत ना?"

मादोन्नामातेची शपथ घेऊन सांगितलं, लपवलं मी, पण फाडलं नाही. अरे बाबा, आपल्या भाषेत भविष्यकाळ नाहीच. उद्या यायचं असलं तरी 'उद्या येतो' म्हणायचं, संपलं. त्यानं पेन्सिल काढली आणि विचारलं, "म्हणजे 'होकार देईन' असं वोसियाला म्हणताच येत नाही? एकतर देतो, नाहीतर देत नाही?" टोमणा नव्हता गं त्यात. वहीत खाली मान घालून तो लिहून घेत होता. माझ्याच हातातला कोयता खोडावर तसाच राहिला.

कातेना, दोन वर्षं तू फोनवर विचारते आहेस. एरवी तुझ्याशी आपल्याच भाषेत बोलणारा मी, त्या एका प्रश्नाला मात्र इटालियनमध्ये उत्तर द्यायचो. पाहीन. कळवीन. मास्तरांची भाषा बरोब्बर तेवढ्यापुरती कामी यायची. तुझ्या आईच्या माघारी तूही तिकडचीच झालीस तर या घरात कोण, हे मला कुठल्याच भाषेत सांगता आलं नाही. येन्सवर चिडणं सोपं होतं.

काल संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर फादर लिबोरियोंकडे गेलो आणि तुम्हा दोघांची नावं माझ्या हातानं लिहून दिली. येत्या रविवारी ती लग्नाची जाहीर सूचना म्हणून चर्चच्या दारावर लागतात. तुझे कागद लगेच पाठव. मी होकार देतो.

तुझाच,
बाबा