कणकेच्या तीन गोळ्या

३ मार्च, सोमवार

चौसष्ट! आणि पासाला सत्तर लागतात. हवामान पास, हवाई नियम पास, आणि विमान इथून तिथं न्यायचं कसं, ते शिकवणारा जो विषय – नेव्हिगेशन – त्यातच माझी दांडी. पायलट होणार म्हणे! घरबसल्या व्हिडिओ बघून शिकायची हौस फिटली.

आईनं निकाल वाचला. बी.एड.चा फॉर्म आणून तिनं फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावला. सत्तावीस वर्षं शाळेत शिकवते आहे, तिला फळ्यावर लिहून मोकळं व्हायची सवय आहे.

बाबा बोलले. "आणखी एकदा बस. नीट क्लास लाव, जूनमध्ये पेपर दे. नाही जमलं तर फॉर्म भरायचा." बाबांचा आवाज पूजा सांगताना असतो तसाच होता, म्हणजे वाद नाही. क्लास चुकला की मी जन्मभर 'आठवी ब'ला त्रिकोण शिकवणार. भीती वाटते. इथे लिहून ठेवते, बाहेर कुणाला सांगणार नाही.

६ मार्च, गुरुवार

दिल्लीच्या क्लासची काय शान! ऑनलाइन डेमोला दोनशे बारा मुलं. सर काळा चष्मा लावून शिकवतात – खोलीत. प्रत्येक गणिताला एक शॉर्टकट, प्रत्येक शॉर्टकटला एक गाणं. हॉस्टेल, कँटीन, गच्चीवरून उतरणारी विमानं दिसतात. मुख्य म्हणजे दिल्ली बनारसपासून आठशे किलोमीटर लांब आहे.

क्लासची पारख करायला मी संध्याकाळी आईच्या आवाजात फोन केला. "मैं ऋता की माताजी बोल रही हूँ." तिथल्या मॅम भलत्याच गोड. मी मुलींची सेफ्टी विचारली, जेवणात लसूण असतो का विचारलं, दोनदा सुस्कारे टाकले. उत्तम जमलं. फक्त मी अंघोळीला गेले तेव्हा मॅमनी परत फोन केला आणि तो खऱ्या माताजींनी उचलला.

बाहेर आले तर आई फोनवर सांगत होती, "हाँ हाँ, याद है. लेकिन पहले आप बताइए, मैंने क्या-क्या कहा था."

९ मार्च, रविवार

पुण्याचा प्रस्ताव. उल्हासमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याच्या घराजवळ एक क्लास आहे. "आमच्याकडेच राहील. माझ्या डोळ्यांसमोर." हीच तर अडचण आहे! मामीनं माझं वेळापत्रकसुद्धा केलंय, त्यात पहाटे साडेपाचला योगासनं आहेत.

मी म्हटलं, "मामा, मला थोडं सोचू दे." मामा हसत सुटला. आम्ही काशीतली मराठी माणसं बोललो की त्याला फार करमणूक वाटते. आठ पिढ्या इथे राहून मराठी टिकवली त्याचं काही नाही, एक 'सोचू' काय निघालं!

१२ मार्च, बुधवार

तिसरा उमेदवार बाबांनी काढला. रामनगर!! पुलापलीकडे. चौबेजी, वायुसेनेतून रिटायर झालेले नेव्हिगेटर. लस्सीच्या दुकानावर एक खोली, सात विद्यार्थी, एक पंखा आणि पोचा आलेला पृथ्वीचा गोल. ऑस्ट्रेलिया आत गेलाय.

डेमोला गेले. चौबेजींनी पहिलाच प्रश्न मला टाकला – काशी त्र्याऐंशी अंश पूर्वेला, तिथे स्थानिक वेळ सकाळचे सहा, तर ग्रिनिचला किती? अंशाला चार मिनिटं, त्र्याऐंशी चोक तीनशे बत्तीस मिनिटं, म्हणजे पाच तास बत्तीस. इथपर्यंत ठीक. मग मी ते मिळवले आणि साडेअकरा वाजवले.

चौबेजींनी चष्म्यावरून पाहिलं. "बिटिया, सूरज को लंदन से काहे निकाल रही हो?"

सातही जण हसले. मी परत जाणार नाही त्या खोलीत. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते समईची वात वळता वळता म्हणाले, "वजा. रात्रीचे बारा अठ्ठावीस." पंचांगाचं गणित करणाऱ्या माणसाला विचारायलाच नको होतं. यांच्या पंचांगात काशीचा सूर्य मिनिटभर चुकला तर घाटावरचे सगळे गुरुजी भांडायला येतात.

१४ मार्च, शुक्रवार

होळी. निळी झालेय. क्लास ठरलेला नाही.

१६ मार्च, रविवार

बाबा तीन दिवस रोज रामनगरला जाताहेत, होळीलासुद्धा. कुणा यजमानाचा सत्यनारायण आहे म्हणे. सत्यनारायण तीन दिवस चालतो?

आज घरात बैठक. मी दिल्ली. आई – भावाचं मन मोडायला नको म्हणून – पुणे. बाबा म्हणाले रामनगर, कारण तो माणूस शिकवतो. मी म्हणाले, "तुम्हाला मला घरात बांधून ठेवायचंय." जरा जास्तच झालं. बाबांनी उपरणं झटकलं. "उद्या संकष्टी आहे. चिठ्ठ्या टाकू."

आमच्या घरातलं सुप्रीम कोर्ट! ज्याचा प्रश्न त्यानं चिठ्ठ्या लिहायच्या, कणकेच्या गोळ्यांत घालायच्या, रात्रभर गणपतीपुढे ठेवायच्या. सकाळी आपल्याच हातानं एक उचलायची. बाकीच्या न उघडता बालाजी घाटावर माशांना टाकायच्या. देवानं जे नाकारलं ते बघायचं नसतं. आईनं शाळेतली नोकरी धरली ती अशीच. बाबांनी इंदूरच्या देवळाला नकार दिला तोही असाच.

न उघडता. माशांना. हे तीन शब्द मी दिवसभर चघळते आहे.

१७ मार्च, सोमवार

केलं! तिन्ही चिठ्ठ्यांवर दिल्ली. निळ्या जेल पेननं, ठसठशीत. कणीक मीच मळली, गोळ्या मीच वळल्या, चंद्रोदयानंतर ताम्हनात घालून गणपतीपुढे ठेवल्या. हात जोडून म्हटलं, तुला विचार करायचा त्रास नको म्हणून केलंय हे.

दोन चिठ्ठ्यांचा पुरावा मासे खाणार. पापाला इतकी छान सोय कुठल्याच शहरात नसेल. बॅगेत काय काय भरायचं त्याची यादी केली.

१८ मार्च, मंगळवार

रामनगर.

रामनगर!!

गोळी मी उचलली, मी फोडली, आणि आत रामनगर! जेल पेन नाही, काळी शाई, बाबांच्या बोरूचं अक्षर. आई म्हणाली, "वाच ना." वाचलं. कुठल्या तोंडानं सांगू की हे नाव मी लिहिलंच नव्हतं? चोराच्या घरी चोरी झाली तर त्यानं पोलिसात जायचं कसं!

आता आठवतं, सकाळी गोळ्या फार गुळगुळीत दिसत होत्या. माझ्या इतक्या गोल कधीच होत नाहीत, माझ्या पोळ्यासुद्धा नाहीत. मला वाटलं, देवाजवळ राहिल्यानं सुधारल्या.

उरलेल्या दोन घाटावर मी नेणार होते. बाबांनी पटकन उपरण्यात बांधल्या. "मी टाकतो. तू चौबेजींना फोन कर."

२० मार्च, गुरुवार

बाबांशी बोलणं बंद. कामापुरतं चालू – मीठ, पाणी, तुमचा फोन वाजतोय.

२४ मार्च, सोमवार

क्लासचा पहिला दिवस. हजेरीच्या रजिस्टरात सही करायला गेले तर आधीच्या पानावर, तेरा, चौदा, पंधरा तारखेला, तीनदा बोरूसारख्या अक्षरात – शिवराम. माझे बाबा!

चौबेजी खूष होते. "तोहार बाबूजी तीन दिन पीछे बैठे रहे. सवाल बहुत पूछते हैं. हमसे बोले, बिटिया को रटाइएगा मत, समझाइएगा."

हाच तो सत्यनारायण. म्हणजे सगळं आधीपासून ठरलेलं! तिन्ही गोळ्यांत रामनगर घातलं असणार. मी देवाला फसवलं ते वयाला शोभून दिसतं. पुरोहितानं फसवावं?

रागानं पुलावरून चालत आले. क्लासपासून घर आठ किलोमीटर आणि माझा संताप त्याहून लांब.

९ एप्रिल, बुधवार

कबूल करायला जीव जातो, पण चौबेजी शिकवतात. आज त्यांनी कलिंगडावर दोन शहरं मांडली आणि दोरा ताणून सर्वांत जवळचा मार्ग दाखवला. मग चाकूनं त्याच रेषेवर कापलं. मला तो मार्ग यापुढे कधी चुकणार नाही, कारण तो मी खाल्लाय.

दिल्लीच्या मॅमचा मेसेज: 'लास्ट सीट, डियर!' मागच्या महिन्यातही शेवटचीच होती.

२१ एप्रिल, सोमवार

बाबांनी नवीन खोडी काढली आहे. रोज सकाळी माझ्या चहाच्या कपाखाली चिठ्ठी. 'आज काशीत सूर्योदय अमुक वाजता. नागपूरला केव्हा? द्वारकेला केव्हा?' मी बोलत नाही, म्हणून माणूस लिहून छळतो.

मीही उत्तर मागच्या बाजूला लिहून देवघरात ठेवते. संध्याकाळी त्यावर बोरूनं बरोबर नाहीतर चूक. आज पहिल्यांदा दोन्ही बरोबर. खाली लिहिलं होतं, 'सूर्य पूर्वेलाच उगवला. आनंद आहे.'

हसू आलं. दाबलं.

११ मे, रविवार

ऊन असं की पोचा आलेल्या गोलावरचा रंग निघतोय. तीन तास सराव-पेपर. शहात्तर मिळाले. मामाचा फोन – "अजून सोचतेस का?"

१० जून, मंगळवार

पेपर झाला. निघताना बाबांनी हातावर दही घातलं. रिक्षात बसल्यावर मागे पाहिलं तर ते गल्लीच्या तोंडाशी उभे होते, एका हातात दह्याची वाटी घेऊन. तीन महिने न बोलणं ही काही थोडी मेहनत नसते, त्यांना आणि मलाही.

स्थानिक वेळेचे चार प्रश्न आले. चारही वेळा सूर्य जिथून निघायला हवा तिथूनच काढला.

४ जुलै, शुक्रवार

एक्क्याऐंशी. आईनं बी.एड.चा फॉर्म काढून त्याच्यावर पेढ्यांचा पुडा ठेवला.

बाबांना पेढा दिला आणि सांगून टाकलं. "संकष्टीला मी तिन्हीत दिल्ली लिहिली होती."

"माहीत आहे. फार घट्ट मळतेस तू. पहाटे पूजेला बसलो तर गोळ्या तडकलेल्या, तिन्हीतून दिल्ली डोकावत होती."

"म्हणून तुम्ही तिन्हीत रामनगर घातलंत."

"छे. एकीतच. दोन तुझ्या तशाच ठेवल्या, नवी कणीक लावून." पेढा खाऊन झाल्यावर उपरण्याला हात पुसत म्हणाले, "इतकं जायचं होतं तुला. अगदीच नाही कसं म्हणू?"

दोन दिल्ली, एक रामनगर. आणि उचलली मी.