हातानं निघालेला लायनर

प्रिय खटपट्या,

घरातलं दिसेल ते यंत्र उघडून बसायचास म्हणून तुझ्या बाबांनी तुला हे नाव ठेवलं. आज ते लिहावंसं वाटत नाही, पण दुसरं जे तोंडात येतंय ते आईनं मुलाला लिहू नये. वर्कशॉपची किल्ली कधी देतेस, पाटीवर तुझं नाव कधी लावायचं, असं तू मागे विचारलं होतंस. हे त्याचंच उत्तर समज. लगेच दिलं असतं, पण मध्ये एक इंजिन आलं.

सध्या सिलिंडर कोरायच्या माझ्या बोअरिंग मशिनवर इंजिनाचा एक ब्लॉक आहे. जुन्या छोट्या गाडीचा, बाबा ज्या इंजिनाला लाडानं शिवणयंत्र म्हणायचे त्यातला. तो घेऊन आला एक घड्याळजी. गाडी त्यानं तुझ्या जुन्या गाड्यांच्या शोरूममधून घेतली, पण तू माझा मुलगा हे त्याला कुठून ठाऊक असणार? गॅरेजवाल्यानं ब्लॉकवरचा आपल्या वर्कशॉपचा ठसा पाहिला आणि ज्यांनी काम केलंय त्यांच्याकडेच जा म्हणून सांगितलं. बिचारा अगदी विश्वासानं आला. मला म्हणाला, तुमच्या हातून असं होणार नाही, माझंच काहीतरी चुकलं असेल. हा ब्लॉक माझ्या हाताखालून गेलाच नव्हता; मी शरमेनं त्याच्याकडे पाहूही शकले नाही.

ब्लॉकवरचं झाकण, ते हेड, उचललं आणि मला अक्षरशः शिसारी आली. तेलात पाणी मिसळून नासक्या दुधासारखा तपकिरी लगदा झालेला, त्यात पिस्टनच्या रिंगचे तुकडे. बाहेरून मात्र ब्लॉकला असा चकचकीत रंग, की जणू लग्नाला निघालाय. तिसऱ्या सिलिंडरचा लायनर खाली घसरलेला. मी सहज बोट घातलं तर तो फिरला. फिरला रे! मग दोन बोटांनी वर ओढला, तर बरणीचं झाकण निघावं तसा हातात आला. मागे सगळीकडे डिंकासारखं काहीतरी फासलेलं. हात साबणानं कितीदा धुतले तरी तो वास जाईना.

विसरला असशील म्हणून सांगते. सिलिंडर झिजून, पुन्हापुन्हा घासून इतका मोठा होतो की त्या मापाचा पिस्टनच मिळत नाही. तेव्हा आत बिडाची नवी नळी बसवायची, तोच लायनर. ब्लॉकमधलं भोक लायनरपेक्षा केसभर लहानच ठेवायचं, म्हणजे तो आवळून बसतो. बाबा ब्लॉक गरम करायचे आणि लायनर आपल्या फ्रीजमध्ये मटारांच्या शेजारी ठेवायचे. मी आरडाओरडा करायचे, आणि तू आल्यागेल्याला फ्रीज उघडून दाखवायचास, बघा आमच्याकडे इंजिन गार करायला ठेवलंय! थंड लायनर गरम ब्लॉकमध्ये सर्रकन उतरला की तू टाळ्या पिटायचास. एकदा बसला की मशिनवर कापल्याशिवाय तो निघत नाही, हे तुला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. आणि तू भोक मोठं केलंस, इंजिन गार ठेवणारं पाणी फिरतं त्या पोकळीपर्यंत भिंत पातळ केलीस आणि डिंक फासलास! येत नव्हतं म्हणून नाही, गाडी पटकन शोरूममध्ये उभी करायची होती म्हणून. नुसत्या पाट्या टाकल्यास.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी चार शिव्या देऊन गप्प बसले असते. पण मग मी तो ठसा पुसून नीट पाहिला. बाबांनी कानशीनं घासून केलेली आपली चंद्रकोर. ब्लॉकमध्ये दाबानं पाणी भरायचं, कुठे थेंबही झिरपत नाही याची खात्री करायची आणि मगच ती ठोकायची. तिचं एक टोक पहिल्याच दिवशी तुटलं, ते त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. या ब्लॉकवरची चंद्रकोर दोन्ही टोकांनी छान पूर्ण आहे. म्हणजे तू नवा ठसा करवून घेतलास. बाप गेल्यावर बापाची सही मारत बसलास. मला तुझी किळस आली, खटपट्या. पोटच्या पोराची किळस येते तेव्हा कसं वाटतं, ते तुला कधी न कळो.

गाडी बंद पडली तेव्हा घड्याळजीची मुलगी चालवत होती. नुकतीच शिकलीय. पुलावर इंजिन जागच्या जागी आवळून जाम झालं, मागे ट्रक. ट्रकवाल्यानं कसाबसा ब्रेक लावला. तिच्या कपाळाला टाके पडले, बाकी निभावलं. आता ती स्टिअरिंगला हात लावत नाही. हे सांगताना तो माणूस एकदाही चिडला नाही, आणि मला तेच सहन झालं नाही.

हे काम कुणाचं, असं त्यानं विचारलं. माझ्या मुलाचं, मी म्हणाले. त्यानं तो निघालेला लायनर उचलून पाहिला. मग इंजिन पुन्हा होईल का, एवढंच विचारलं. होईल म्हणाले. नशिबानं पातळ झालेली भिंत सांधता आली. चारही लायनर मी नवे बसवलेत, पाणी भरून पाहिलंय, कुठेही गळत नाही. तुझी ती चंद्रकोर घासून टाकलीय. तिथे आता नुसतं उघडं बीड आहे.

शनिवारी तो मुलीला घेऊन ब्लॉक न्यायला येणार आहे. त्याच्या आधी तू ये. काय केलंस ते तुझ्या तोंडानं त्या पोरीला सांग, मी मध्ये पडणार नाही. माझ्याजवळचा बाबांचा खरा, तुटक्या टोकाचा ठसा मी त्या घड्याळजीच्या हातात देणार आहे. त्यानं तो तुझ्या हातात दिला, तर त्या उघड्या जागेवर तू ठोक, किल्ली खिळ्याला टांगलेली आहे. नाही दिला, तर मी तो ठसा परत घेऊन भंगारात टाकीन, आणि हे वर्कशॉप माझ्याबरोबरच बंद होईल. तू आला नाहीस तरी मला उत्तर मिळेलच. पण ये रे.

तुझीच, काहीही केलंस तरी तुझीच,
आई